टेपमधली मोकळी जागा

शनिशिंगणापूरचा माणूस कुलपांना किती जपू शकतो हे बघायचं असेल, तर नव्व्याण्णव साली नगरच्या सावेडीतला जालिंदरचा कॉम्प्युटर क्लास बघायला हवा होता. ज्या गावात घराला दार बसवायची रीत नाही, त्या गावात हा गडी वाढला. पण क्लासच्या शटरला दोन कुलपं, आतल्या काचेच्या दाराला तिसरं, आणि घरी जाताना निम्म्या रस्त्यातून स्कूटर वळवून तिन्ही परत ओढून बघायची. त्याची बायको प्रज्ञा म्हणायची, "अहो, तुमच्या अख्ख्या गावाच्या दारांची काळजी तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलीय का?" जालिंदर हसायचा नाही. काळजीत असलेल्या माणसाला विनोद कळायला उशीर लागतो.

अशा माणसानं न केलेल्या कामाला हो म्हणू नये. पण नूरमहंमद चाचा समोर उभा राहिला आणि जालिंदर हो म्हणून बसला.

नूरमहंमद चाचाचं नगरला लागून असलेल्या भिंगारच्या बाजारात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. क्लासला वायरी, पिना, झाळकामाचं सामान लागलं की जालिंदर तिथूनच आणायचा. दोन-अडीच वर्षांची ओळख, पण चाचा सावेडीत कधी आला नव्हता. त्या सोमवारी तो रिक्षातून उतरला, क्लासच्या पायरीशी उभा राहिला आणि चपला काढू का नको अशा विचारात पडला.

"या की चाचा, चपला राहू द्या."

चाचा आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. समोरच्या मॉनिटरकडं बोट करून म्हणाला, "जालिंदरभाऊ, ह्या डब्यात परदेशातला रेडिओ लागतो म्हनत्यात. खरं हाय?"

"लागतो की. पण आपल्या रेडिओसारखा नाही. फोनवरून नेट लावायचं, मग येतो थांबत थांबत, ठेचकाळत."

"मंग त्यो कॅसेटवर घेता येतो?"

इथं कोणीही शहाणा माणूस 'बघून सांगतो' म्हणाला असता. जालिंदर म्हणाला, "येतो की!"

मग चाचानं सांगितलं. त्याला एकच मुलगा, इम्रान. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला. "दुकानात मॅच लागली हुती. शेवटचा ओव्हर. मी म्हनलं, रेडिओ बारीक कर. त्यानं केला न्हाई. दुसऱ्यांदा म्हनलं, तरी न्हाई. चार गिऱ्हाइकं उभी. हात उठला माझा."  आपलाच उजवा हात चाचानं मांडीवर उलटा करून बघितला. "ईस वर्साचं पोर. त्याच रात्री गेलं. आदी दुबईला हाय असं कळलं, मंग त्ये बी कळंना झालं."

आता भिंगारच्याच एका शिलाईवाल्याचा भाचा कॅनडात होता, त्याचा मामाला फोन आला. तिकडं नेटवर एक लहानसा रेडिओ चालतो. एकटाच माणूस चालवतो, दर शनिवारी तिकडच्या सकाळी जुनी गाणी लावतो, मधे मधे बोलतो. नाव सांगत नाही, स्वतःला मुसाफिर म्हणवतो. पण बोलण्याची ढब आपल्याकडची वाटते, आणि का कोण जाणे, नूरमहंमदच्या इम्रानची आठवण येते. बरं, त्या मुसाफिरानं मागच्या शनिवारी सांगून टाकलं होतं की येत्या शनिवारचा कार्यक्रम शेवटचा, पुढं रेडिओ बंद.

"हिला ऐकवायचं," चाचा म्हणाला. ही म्हणजे त्याची बायको, अख्तरी चाची. ती मोरीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, तीन महिने अंथरुणात. "तिला हितं आनता येत न्हाई. म्हून कॅसेट. तीच वळखंल."

"पण चाचा, तुम्ही तरी या ना ऐकायला."

"माझ्या कानाचा भरवसा न्हाई आता. जलमभर भोंगे कानाला लावले." चाचा उठला. टोपी सारखी केली. आणि दाराकडं तोंड करून म्हणाला, "आन बापाला पोराचा आवाज वळखू आला न्हाई तर? त्येच्यापेक्षा नको."

तो गेला आणि जालिंदर कॉम्प्युटरकडं बघत बसला. एका आईचं सहा वर्षांचं वाट बघणं आता त्याच्या कॉम्प्युटरला आवाज देणाऱ्या, पुण्याहून आणलेल्या स्वस्तातल्या साउंड कार्डावर येऊन बसलं होतं. आणि त्या कार्डावर त्यानं आजवर पोरांना मोटारीचा खेळ खेळू देण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यानं तयारी सुरू केली. नेट लावलं, परदेशातलं कुठलंतरी रेडिओ स्टेशन काढलं, स्पीकरमधून अगम्य भाषेत कोणीतरी बोलायला लागलं. मग कॉम्प्युटरमधलाच रेकॉर्डर उघडला, लाल गोल दाबला. थोड्या वेळानं थांबवून ऐकलं. काहीच नाही. आवाज पूर्ण वाढवला. आता ऐकू आलं, पण काय? पंख्याची घरघर, स्वतःचं खाकरणं, आणि प्रज्ञाचं "चहा ठेवलाय हं". कार्ड रेडिओला सोडून माइकचं ऐकत बसलं होतं!

"म्हणजे बोलतोय तो एक, आणि हे ऐकतंय आपल्याला," प्रज्ञा म्हणाली. क्लासमध्ये टायपिंग ती शिकवायची, त्यामुळं बोलण्याचा हक्क तिला होताच. "अगदी आमच्या आत्याबाईंसारखं."

कुठल्याशा खिडकीच्या आतल्या खिडकीत एक यादी दडली होती, तिथं माइकवरची खूण काढून दुसरीकडं केली की कार्ड स्वतःच वाजवलेला आवाज स्वतःच टिपतं. हे सापडायला मंगळवार उजाडला. मग कळलं की तो रेकॉर्डर एका मिनिटात आपोआप थांबतो. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून दुसरा घेतला. तो म्हणाला, कार्ड कामात आहे. म्हणजे वाजवत असेल तर टिपणार नाही, आणि टिपत असेल तर वाजवणार नाही. जालिंदरनं फ्लॉपीवरून नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड हाकणारा प्रोग्राम, घातला. त्यानं दोन्ही कामं एकदम करायची तयारी दाखवली, पण फोनवरून नेट लावणारा मोडेम बंद पाडला. मोडेम चालू केला की कार्ड मुकं, कार्ड बोलायला लागलं की मोडेम मेलेला. दोन जावांनी एका चुलीवरून भांडावं तसं त्या दोघांचं चाललं होतं.

बुधवारी जालिंदर जेवला नाही. गुरुवारी जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. बॅचची पोरं यायची, सर कॅबिनेट उघडून आत डोकं घालून बसलेले बघायची आणि आपापसात खुसखुसायची. त्याला राग यायचा. पोरांचा नव्हे, स्वतःचा. 'बघून सांगतो' म्हणायला काय जीभ झडली होती का सोमवारी? चाचाचं तोंड आठवलं की तो पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलायचा. मुसाफिराच्या रेडिओचं नेटवरचं जे पान शिलाईवाल्यानं लिहून दिलं होतं, त्यावर एक पत्ता दिसला म्हणून त्यानं दोनदा ई-मेलही टाकली, की तुम्ही भिंगारचे का? उत्तर आलं नाही.

शेवटी शुक्रवारी दुपारी त्यानं कार्ड उपसून शेवटच्या स्लॉटमध्ये बसवलं, मोडेम पहिल्यात नेला, आणि काय आश्चर्य, दोघं गुण्यागोविंदानं नांदायला लागले. जालिंदरनं परदेशी बातम्यांचा लांबलचक तुकडा टिपला, परत ऐकला. आवाज नळातून आल्यासारखा होता, पण होता. तरी एके ठिकाणी मधेच क्षणभर सगळं गप्प झालेलं होतं. ते नेटमुळं का कार्डामुळं, काही कळेना.

"झालं ना आता? हसा की जरा," प्रज्ञा म्हणाली.

"मधे गप्प झालं ते ऐकलंस?"

"एवढंसं तर होतं."

"उद्या तेवढ्यातच तो काही बोलला तर?"

प्रज्ञानं कपाळाला हात लावला.

शनिवारी त्यानं दुपारच्या बॅचला सुट्टी दिली. मधेच कोणी फोन करून नेट तोडू नये म्हणून ओळखीच्या सगळ्यांना सांगून ठेवलं, त्यामुळं निम्म्यांनी काय झालंय ते विचारायला फोन केले. लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज केली. मग बॅटरीच दगा देईल म्हणून शेजारच्या झेरॉक्सवाल्याची मागून आणली. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, म्हणून उन्हं कलायला लागली तशी त्यानं दार लावून घेतलं, नेट लावलं आणि ते पान उघडून बसला. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं आणि तुटलं.  तिसऱ्यांदा मोडेमनं किंचाळून किंचाळून वाट धरली, आणि स्पीकरमधून खरखरत एक आवाज आला.

"दोस्तो, आदाब. आज आख़री महफ़िल है."

जालिंदरनं लाल गोल दाबला. पडद्यावरची हिरवी रेघ थरथरायला लागली. टिपलं जात होतं.

आवाज घोगरा होता, दमलेला. गाडीत रात्र काढून आलेल्या माणसाचा असावा तसा. तो म्हणाला, इथं बर्फ पडायला लागलंय. म्हणाला, रात्रपाळी करून येतो आणि तुमच्यासाठी गाणी लावतो, आता जमत नाही, ही खोलीही सोडायचीय. मग एक गाणं लावलं. मग थोडं बोलला. मग दुसरं. नगरचं नाव नाही, भिंगारचं नाही, आईबापाचं तर नाहीच. जालिंदर कान देऊन ऐकत होता आणि मनातल्या मनात त्याला ढोसत होता, की अरे काहीतरी बोल, एखादी गल्ली, एखादं नाव, काहीतरी दे. पण मुसाफिर गाण्यांबद्दलच बोलत राहिला.

बाहेर दिवस मावळत आला होता. प्रज्ञानं लाइट लावायला हात पुढं केला तर जालिंदर ओरडला, "नको! बटणाचा खटका लागतो." खटका माइकमध्ये लागला असता, आणि माइक तर त्यानं केव्हाच बंद केला होता. पण त्याला कोण सांगणार?

एक संथ गाणं चाललं होतं. आणि ते मधेच बारीक व्हायला लागलं. तुटलं नाही, अडखळलं नाही. हळूहळू बारीक होत होत गेलं आणि संपलं. हिरवी रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ झाली.

 जालिंदरनं खाली बघितलं, नेट चालू होतं. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. प्लेअरमधले आकडे पुढं सरकत होते. म्हणजे तिकडून येतंय, आणि इथं कार्ड गिळतंय! त्यानं आवाजाची पट्टी वर खाली केली. काही नाही. स्पीकरच्या वायरी हलवल्या. काही नाही. खोलीत इतकी शांतता झाली की लांबच्या मशिदीतली अजान आतपर्यंत स्वच्छ ऐकू यायला लागली.

"कार्ड गेलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "गेलं प्रज्ञा. ड्रायव्हर बसला. बंद करून चालू करावं लागेल."

"आणि आत्तापर्यंतचं?"

आत्तापर्यंतचं अजून कुठं साठवलेलं नव्हतं. बंद केलं की गेलं. नाही बंद केलं तर पुढचं गेलं. जालिंदरचं बोट कॅबिनेटच्या रीसेटच्या बटणावर जाऊन टेकलं. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. कदाचित पुढच्याच क्षणी तो माणूस म्हणेल, मी भिंगारचा, माझ्या बापाचं रेडिओचं दुकान. आणि ते वाऱ्यावर जाईल, कोणाच्याच कानावर पडणार नाही. दाबावं का? बोटाखालचं बटण किंचित आत गेलंही.

प्रज्ञानं त्याचं मनगट धरलं. "हात लावू नका."

"अगं पण..."

"जे आहे ते तरी राहू द्या."

दोघं तसेच उभे राहिले, ती मनगट धरून आणि तो बटणावर बोट ठेवून. बाहेरची अजान संपली. रिक्षांचे आवाज आले, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. सरळ रेघ सरळच धावत होती. मग ती एकदम जराशी शहारली. गाणं परत आलं. आधी बारीक, मग मोठं, मग पहिल्यासारखं. गाणं संपल्यावर तो घोगरा आवाज काहीच झालं नसल्यासारखा म्हणाला की आता शेवटची दोन गाणी. ती लावली. शेवटी म्हणाला, "चलो, अल्लाह हाफ़िज़." आणि त्या रेडिओचं पान कायमचं गप्प झालं.

जालिंदरनं ते सगळं साठवलं, दोन ठिकाणी साठवलं, मग कार्डातून वायर टाकून टेपरेकॉर्डरवर कॅसेट केली. ती मोकळी जागा आली की तो तोंड फिरवायचा. रेकॉर्डरमध्ये तेवढा तुकडा कापायची सोय होती. कापून दोन टोकं जोडली असती तर कोणाला कळलंही नसतं की नामांकित जालिंदर सरांचं कार्ड ऐनवेळी माती खातं. पण कापायला जावं आणि सगळंच उडावं, ही भीती लाजेपेक्षा मोठी निघाली. त्यानं कॅसेट तशीच खिशात घातली.

रविवारी सकाळी स्कूटर भिंगारच्या रस्त्याला लागली. लष्कराच्या छावणीच्या भिंतीजवळ त्यानं दोनदा थांबून खिसा चाचपला. चाचाला काय सांगायचं याची उजळणी चालली होती. कार्ड जुनं होतं, नेट खराब होतं. तिसरं काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

घर दुकानाच्या मागंच होतं. अख्तरी चाचीला उशांना टेकवून बसवलं होतं. केस विंचरून घेतलेले, अंगावर धुतलेली हिरवी साडी. पाहुणा यायचा असावा तशी सगळी तयारी. तिच्याजवळ स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवलेला. चाचा दाराशी, अंगणाकडं तोंड करून बसला होता. त्यानं वळूनही बघितलं नाही.

"ये लेकरा, बस," चाची म्हणाली. "लाव."

जालिंदरनं कॅसेट घातली. 

घोगरा आवाज खोलीत आला. बर्फाचं बोलला, रात्रपाळीचं बोलला. चाची डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, जणू तो प्रत्येक शब्द ती स्वतः बोलून बघत होती. पहिलं गाणं झालं. पुन्हा तो बोलला. चाचीनं डोळे उघडले.

"ह्यो आवाज जाडा हाय," ती म्हणाली.

दाराकडून चाचा म्हणाला, "सहा वर्सं झाली."

"सहा झाली तरी. माझ्या इम्रानचा आवाज असा न्हवता." ती पुन्हा ऐकायला लागली. दुसरं गाणं. पुन्हा तो. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. "न्हाई. ह्यो कुनीतरी लांबचाच हाय. बिचारा. ह्येची बी आई असंल कुठं."

चाचाची पाठ वाकली. एवढंच दिसलं.

जालिंदरला वाटलं, आपण इथून उठावं आणि चालायला लागावं. आठवडाभर जीव काढला तो यासाठी? त्याला त्या मुसाफिराचा, त्या शिलाईवाल्याच्या भाच्याचा, सगळ्या दुनियेचा राग आला. आणि तेवढ्यात ते संथ गाणं लागलं, आणि बारीक व्हायला लागलं. आता हीही लाज उरलीच होती.

"चाची, हे... इथं माझ्या कार्डानं घात केला," तो घाईघाईनं म्हणाला. "मधे सगळं मोकळं आहे. थांबा, पुढं घेतो." त्याचं बोट बटणावर गेलं.

चाचीनं त्याचा हात धरला. आजारी बाईच्या हाताला एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"राहू दे."

टेप नुसती सुरसुरत होती. गाणं नाही, बोलणं नाही.

"कोनत्या वक्ताचं हाय हे?" तिनं विचारलं.

"काल... दिवस मावळताना. मला आठवतंय ना, सगळं गप्प झालं आणि बाहेर अजान..." जालिंदर बोलता बोलता थांबला.

चाचीनं दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढला. डोळे मिटले नाहीत. ती त्या स्टुलाकडं बघत होती, जणू तिथं कोणी उभं होतं.

"बारीक केला त्यानं," ती म्हणाली. "रेडिओ बारीक केला."

दाराशी चाचा उठून उभा राहिला होता. "तिकडं तवा किती वाजले हुते?" त्यानं विचारलं. आवाज मोठा, ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"तिकडं सकाळ होती चाचा. चांगली उजाडलेली."

"सकाळी उजाडल्यावर कुटली अजान?"

"तिकडची न्हाई. हितली, भिंगारची," चाची म्हणाली.  चाचा भिंतीला धरून धरून आत आला. "मॅचचा शेवटचा ओव्हर हुता," तो म्हणाला. सोमवारी जालिंदरला सांगितलं होतं तेच तो पुन्हा सांगत होता, पण आता गाळलेलं सांगत होता. "दिवस मावळला, मगरिबची अजान सुरू झाली. आमच्या दुकानात बापाच्या येळंपासून रीत हाय, अजान झाली की समदे रेडिओ बारीक. गिऱ्हाइकाचा असू दे न्हाईतर कुनाचा. मी म्हनलं बारीक कर. त्यो म्हनला, अब्बा, दोनच बॉल राहिले." चाचानं तोंडावरून हात फिरवला. "दोनच बॉल हुते, जालिंदरभाऊ. त्येवढ्यापायी मी त्याच्या तोंडात मारली."

टेपवर गाणं परत आलं. आधी बारीक, मग मोठं.

चाची रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हींची तिला लाज वाटत नव्हती. "आवाज बदलला म्हून काय झालं," ती म्हणाली. "रात्रीचं जागरन करतंय पोरगं. थंडीत राहतंय. घसा बसनार न्हाई व्हय?" मग जालिंदरकडं वळून म्हणाली, "तुझी ती मशीन चांगली हाय लेकरा. तिला काय झालेलं न्हाई. तू त्याला लिव्ह. त्या रेडिओच्या पत्त्यावर लिव्ह."

"दोनदा लिहिलं चाची. उत्तर नाही आलं."

"तू इचारलं असशील, भिंगारचा का म्हून. त्यो कशाला सांगंल? तू इचारू नको. सांग. म्हनावं, अम्मीनं ऐकलं."

जालिंदरनं मान डोलावली. तो पत्ता अजून चालू असेल का, मुसाफिरानं खोली सोडल्यावर ते पत्र कुठं जाऊन पडेल, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याची काळजी त्याला आताच सुरू झाली होती. पण ती आज तोंडावर आणायची नाही, एवढी अक्कल त्याला होती.

चाचा स्टुलाजवळ खाली बसला. "त्ये परत लाव," तो म्हणाला.

"गाणं?"

"न्हाई. त्ये मधलं."

जालिंदरनं टेप मागं घेतली. संथ गाणं लागलं, हळूहळू बारीक होत गेलं, आणि संपलं. चाचानं आपला उजवा हात पुढं केला, आवाजाचं चाक धरलं आणि शेवटपर्यंत फिरवून मोठं केलं. रिकाम्या टेपची सुरसुर सगळ्या खोलीत भरली. तो कान टेपरेकॉर्डरला लावून ती ऐकत बसला.